तिघींची भाषा

कल्याण, माघ शके १८११

सहदेवदादा,

लहानपणी तू आपल्या दोघांपुरती भाषा रचलीस आणि नियम घातलास, की प्रत्यय लागला तरी शब्द मोडायचा नाही. लुमो म्हणजे खाट, लुमोबे म्हणजे खाटेखाली. माझी जया मात्र लुम्याबे म्हणते. हे तिला कुणी शिकवले, याचे मला नवल वाटते.

मुलीने शिकलेले मामंजींना चालत नाही. ते पेढीवर गेले की मी तिला पाटीवर अक्षरे गिरवायला लावते आणि बोलते त्याच भाषेत. सासूबाई शेजारी तांदूळ निवडत असतात. "काय गं ही चिवचिव!" एवढेच म्हणतात.

काल मामंजी अवेळी परतले. ओसरीवर वहाणा वाजल्या, आणि पाटी अजून जयाच्या मांडीवर होती. तांदळावरची नजर न काढता सासूबाई म्हणाल्या, "तिप्याबे!"

म्हणजे टोपलीखाली. तिपोबे नव्हे, जयासारखेच मोडून. जयाने पाटी सरकवली.

"कसली बडबड चाललीय?" मामंजींनी विचारले.

"नातीला खेळवतेय. तुमचं काय अडलंय?"

त्या दोघींनी एकच वळण कसे घेतले, हे तुला विचारायचे होते. पण इथून जाणारे प्रत्येक पत्र मामंजी आधी वाचतात. म्हणून हे मी चुलीत घालते. सासूबाईंनी चूल पेटवली आहे, आणि काय जाळतेस म्हणून विचारलेले नाही.

तुझी,
मालन