सातवं कवच

३ नोव्हेंबर
आले एकदाची कोलशेतला! नवव्या मजल्यावर एका खोलीची जागा, खिडकीतून खाडी, आणि सारखं हाक मारणारं कोणी नाही. डोंबिवलीला पाहुण्यांच्या चहातून डोकं वर काढता येईना. प्रबंध तीस तारखेला द्यायचाय. नाही दिला तर नोंदणी रद्द आणि सहा वर्षं पाण्यात. माझा तारा म्हातारा आहे, कार्बनने भरलेला. असे तारे ठरावीक काळाने काजळी बाहेर टाकतात, तिची एकात एक कवचं होतात आणि तारा आत दिसेनासा होतो. आई सगळ्यांना सांगते, आमची दिशा धुळीवर पीएचडी करते. केर-फरशीला गावातल्या सखुबाई ठरल्यात. एक किल्ली त्यांच्याकडे दिली.

९ नोव्हेंबर
नुसता वैताग! माझ्या गणिताप्रमाणे कवचं सहा. दुर्बिणीच्या चित्रात मात्र अगदी आत, ताऱ्याला चिकटून, पुसटसं सातवं दिसतंय. ते खरं धरलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. माझ्या गाइड चित्रा मॅडमनी बजावलं होतं, नको असलेलं आधी तपास, मग काढ. मी सरळ काढून टाकलं. दुर्बिणीचा दोष, अशी तळटीप दिली. आलेख काय सुरेख बसला!

१४ नोव्हेंबर
खुर्चीभोवती फरशीवर मोठं काळं वर्तुळ. मी म्हटलं, कंपन्यांची धूळ. सखुबाई म्हणाल्या, कंपनीची नाय ताई, ही चुलीची काजली हाय. माझ्याकडे तर गॅससुद्धा नाही! दोनदा पुसलं. संध्याकाळी पुन्हा तिथेच.

१८ नोव्हेंबर
आता सहा. एकात एक, अंतरं थेट माझ्या आलेखातली. सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन केला तर म्हणे खिडक्या लावून घ्या. लावल्यात हो! काम करू की फरशी पुसू?

२२ नोव्हेंबर
वॉचमन साईनाथ रोज हात करतो. आज त्याने माझ्या आरपार गेटकडे पाहिलं. लिफ्टमध्ये एक बाई माझ्या पायावर पाय देऊन उभी राहिली. मी ओरडले. तिने फक्त नाक पुसलं. रुमालाला काळं लागलं.

२५ नोव्हेंबर
आरशात मी धुरकट. अंगाला चिकटून — सातवं. साबणाने जात नाही. दोष नव्हता तो. फाइलमध्ये परत घालायचंय, मॅडमना सांगायचंय, पण कीबोर्डला माझी बोटं लागतच नाहीत. फोनलाही नाही. पेन तेवढं अजून कसंबसं धरता येतंय. चीड येते, स्वतःचीच. एका दुपारचं काम होतं तपासायचं.

२८
पेन उचलता येत नाही. बोटानेच लिहितेय. काजळी भरपूर आहे.
फोन वाजला, सखुबाईंनी घेतला. मॅडम. सखुबाई म्हणाल्या, ताई चार दिस दिसल्याच नाय, घरात नुसती काजली. मी त्यांच्या कानाशी ओरडत होते —
मॅडम उद्या येतायत. सखुबाई त्यांना म्हणाल्या, घर पुसून ठेवते.
बादली भरली. खुर्ची पुसली — मी टेबलावर सरकले, वहीपाशी —
फडकं इकडे — सखुबाई, अहो वही नको, वहीत सगळं आहे, मॅडम, सातवं खरं हो