स्थानिक पालक

कॅम्प-१, भिलाई
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

प्रिय नरेशदादा,

नमस्कार. इथं आम्ही सारे बरे आहोत. आईचा गुडघा थंडीत दुखते, पण ती ऐकत नाही, पावर हाउसच्या बाजारात पायीच जाते. बाबांची या हप्त्यात फर्स्ट शिफ्ट आहे. माझी बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये सुरू होते. फिजिक्सचं प्रॅक्टिकल चांगलं गेलं. केमिस्ट्रीच्या व्हायव्हात सरांनी विचारलं, पुढे काय करशील? मी म्हटलं, इंजिनियरिंग, नागपूरले, माझा दादा तिथंच शिकते. तोंडातून निघून गेलं.

आपण मराठी फक्त घरात बोलतो, लिहिली कधी नाही. चुका दिसल्या तं हसू नको.

पाकिटावरचा पत्ता पाहून तू समजलाच असशील. होस्टेलवर पाठवून काही फायदा नव्हता.

१८ जानेवारीले तुझ्या कॉलेजात बारावीच्या मुलांना माहिती देणार होते. माझ्या क्लासमधली टीना, तिचे पप्पा अन् मी सकाळच्या गाडीनं आलो. तुले सांगू नको असं मीच टीनाले म्हटलं होतं, दादाले सरप्राइज देऊ. आईनं संक्रांतीचे लाडू डब्यात भरून दिले होते.

अर्जासोबत दहावीच्या मार्कशीटच्या दोन झेरॉक्स लागतील असं तिथं सांगितलं. टीना अन् तिचे पप्पा रांगेत थांबले, मी गेटसमोरच्या दुकानात गेली. गर्दी होती. आत एक मुलगा खाली मान घालून कोणाच्या तरी प्रोजेक्टले स्पायरल लावून राहिला होता. मी मार्कशीट काउंटरवर सरकवली. त्यानं पँटले हात पुसला, कागद उचलला अन् थांबला.

मशीनवर ठेवाच्या आधी तू माझं नाव वाचलं, दादा. मंग बाबांचं. मी तुले कानामागच्या टाक्यांच्या खुणेवरून ओळखलं, कारण तोंड तं तू वर केलंच नाही. दोन कॉप्या काढल्या. कडा जुळवून माझ्यापुढे ठेवल्या. अन् म्हटलं, "साइड होइए. अगला."

मी साइड झाली. खरंच झाली. मागची मुलगी पुढे आली अन् तू तिचं आधार कार्ड घेतलं.

म्हणूनच हे पत्र हिंदीत नाही लिहिलं.

मी स्वतःले समजावलं, शनिवार आहे, पार्टटाइम करत असशील. मंग एकटीच ऑफिसात गेली. तिथल्या बाबूंना विचारलं, माझा भाऊ थर्ड इयरले आहे, मेकॅनिकल, नरेश कापगते, त्याची क्लास कोणत्या मजल्यावर? त्यांनी कॉम्प्युटरवर पाहिलं. दोनदा स्पेलिंग विचारलं. म्हणाले, "बेटा, हा मुलगा फर्स्ट इयरचे पेपर देऊन गेला तो आलाच नाही. नाव कटून दीड वर्ष झालं." त्यांनी मले पाणी दिलं. मी पिली, थँक्यू म्हटलं, जिना उतरली. रडू नाही आलं. कानात नुसता मशीनसारखा भर्र आवाज होता. टीना काही विचारत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते.

दीड वर्ष! अन् मी नागपूरले आली त्याच हप्त्यात तू मले फोनवर इंटिग्रेशन शिकवलं होतं. लिमिट लावाची विसरली तं चिडला बी होता.

लाडू मी परतीच्या गाडीत समोरच्या बाईच्या लेकरांना वाटून टाकले. आईले सांगितलं, दादाले लय आवडले.

आता मी जे केलं ते लिहिते. घरी येऊन मी कोणाले काही सांगितलं नाही. तुले वाचवाले नाही, दादा. बाबा मले नागपूरले एकाच कारणानं पाठवून राहिले होते, तू तिथं आहे म्हणून. नाही तं दुर्गच्या कॉलेजात जा, रोज घरी ये, हेच त्यांचं पहिल्यापासून होतं. तुझं उघडं पडलं की माझं नागपूर गेलं. म्हणून बारा दिवस तुझं खोटं मी सांभाळलं. नरेशचा फोन बंद कावून आहे, आई विचारे. मी म्हणे, सेमिस्टर सुरू आहे.

होस्टेलचा फॉर्म मी तिथूनच आणला होता. त्यात एक खाना आहे, स्थानिक पालक. नाव, पत्ता, सही. बाबा म्हणाले, "नरेशले पोस्टानं पाठव, सही करून वापस करन." मी म्हटलं, पाठवला. तो माझ्या केमिस्ट्रीच्या पुस्तकात होता. गेल्या गुरुवारी मीच त्यात तुझं नाव लिहून तुझी सही केली. एका झटक्यात हुबेहूब झाली. ती पाहून मी फॉर्म पुन्हा पुस्तकात घातला. तरी बाबा ड्युटीवरून आल्यावर त्यांच्यापुढे ठेवला, आला फॉर्म म्हणून.

बाबांनी चष्मा लावला. सहीवरून बोट फिरवलं. आईले आवाज दिला, "पाह्य हिरा, इंजिनियरची सही अशी राहते. वाचताच येत नाही." अन् हसले.

"बाबा, ती माझी आहे."

"काय तुझी?"

"सही."

मंग उभ्या उभ्या सारं सांगितलं. बाबांनी मधात एकदाच विचारलं, "त्यानं तुले ओळखलं होतं?" मी म्हटलं, "नाव वाचलं, बाबा. माझं बी अन् तुमचं बी." त्यांनी चष्मा काढून त्या फॉर्मवर ठेवला. मंग म्हणाले, "मशीन चांगली चालवते का तो?" चालवते म्हटलं.

आई रडली नाही, चिडली. "दर पेपरले मी विचारे, कसा गेला. अन् हा सांगे बी, आई, पाचवा प्रश्न सुटला नाही! सुटला नाही म्हणे!" दोन दिवस ती हेच म्हणून राहिली होती, भाजी निवडता निवडता, कपडे वाळू घालता घालता.

परवा बाबांनी फॉर्म मागितला. मले वाटलं, आता फाडतील. त्यांनी तुझ्या नावावर एक रेघ मारली अन् वरती लिहिलं, गुलाबराव कापगते.

मी म्हटलं, "बाबा, स्थानिक म्हणजे नागपुरात राहणारा."

"मले समजते. मी येत जाईन."

"दर वेळेस?"

"गाडी आहे ना."

असा फॉर्म चालन का नाही, मले माहीत नाही. पण मी अभ्यास करून राहिली, अन् मी नागपूरले येणार आहे.

येत्या रविवारी, नऊ तारखेले, बाबा अन् मी येऊन राहिलो. बाबा दुकानात येणार नाहीत. कामाच्या जागी पोराले लाजवू नाही, असं ते म्हणाले. समोर, कॉलेजच्या गेटपाशी उभे राहतील. तुले फक्त रस्ता पार करून याचं आहे. फर्स्ट इयरमध्ये काय झालं, फीचं काय झालं, आमाले कावून नाही सांगितलं, हे त्यांना तूच सांग. त्यांनी मले विचारलं तं मी म्हटलं, मले माहीत नाही. हे एक तरी खरं बोलली.

रविवारी दुकान उघडं राहते का, हे विचाराले मी बोर्डावरच्या नंबरवर फोन केला होता. तूच उचलला. "हाँ, खुला रहता है," म्हणाला. आवाज थकलेला होता. मी फोन कापला.

माफ केलं असं लिहिता आलं असतं, पण ते खरं नाही. अजून तं राग बी पूरा आला नाही. रोज सकाळी उठली की दोन मिनिटं सारं पहिल्यासारखं असते, अन् मंग आठवते.

रविवारी सुट्टी मागू नको. पळू नको.

तुझी बहीण (हे लिहाच्या आधी हात थांबला होता, पण लिहिलं),
नूतन