बीड की ॲल्युमिनियम

कोइमतूर, ४ नोव्हेंबर १९९६

ती. अनुसयाअक्कास,
भीमरावचा सप्रेम जय भीम, वि. वि.

अळणावरच्या जंगलातल्या मोटारींच्या शर्यतीसाठी तुला ॲल्युमिनियमचा इंजिनब्लॉक हवाय, हे कळलं. माझं ऐकशील तर बिडाचाच, ओतीव लोखंडाचा ठेव. जड असतो, पण कितीही ताकद काढली तरी ताप सोसतो. ॲल्युमिनियम जास्त तापलं की वाकतं, मग इंजिन गेलंच. वेळीच गाडी थांबवावी लागते, आणि तू कुठली थांबतेस!

अव्वाचे गुडघे कसे आहेत? राग आला तरी लोभ असू दे.

तुझा भीमू

नवनगर, हुबळी, १५ नोव्हेंबर

चि. भीमूस अनेक आशीर्वाद.

तुझं व्याख्यान अव्वाला वाचून दाखवलं. पोरगं इतक्या लांबून अक्काला शिकवतंय म्हणून ती पोट धरून हसली. गुडघे बरे आहेत.

बीड मी वर्षभर चालवलं की. पुढचा भाग इतका जड, की स्टिअरिंग वळवलं तरी गाडी सरळ झाडाकडेच निघते. आणि खरं सांग, गाडी जड असली की अक्का हळू जाईल, हाच तुझा बेत ना? आपले अप्पा लॉरीखाली गेल्यापासून तू भितोस. मीही भिते रे. म्हणूनच वळणारी गाडी हवी.

आता रुसू नकोस. तुझ्या कारखान्यातून ॲल्युमिनियमचा ब्लॉक पाठव.

तुझी अक्का

नवनगर, २० जानेवारी १९९७

चि. भीमूस अनेक आशीर्वाद.

तुझा ब्लॉक बसवला आणि गाडीचं रूपच पालटलं! वळणावर सांगावं तिकडे वळत होती. मी सगळ्यांच्या पुढे होते. शेवटच्या चढावर दगड उडून रेडिएटर फुटला. तापमानाचा काटा चढू लागला. शेवट समोर दिसत होता. वाटलं, दामटावी. पण पाय उचलला, इंजिन बंद केलं. बाकीचे धूळ उडवत पुढे गेले. मी सागाखाली बसून पोरीसारखी रडले.

ब्लॉक शाबूत आहे. बक्षीस गेलं. रागावू नकोस.

तुझी अक्का

कोइमतूर, २८ जानेवारी

ती. अक्कास सप्रेम जय भीम, वि. वि.

तू थांबलीस, एवढं वाचलं आणि कारखान्यात हातातलं काम टाकून बसलो. रागावू कशाला? डोळे पुसत होतो.

शनिवारी नवा रेडिएटर घेऊन निघतो. पुढच्या शर्यतीत रस्ता सांगायला तुझ्या शेजारी मी बसणार. वळणावर ओरडलो तर हसायचं नाही. अव्वाला मात्र एवढंच सांग, भीमू रेडिएटर बसवायला येतोय.

तुझा भीमू