हातावर उभा राहिलेला नारळ

निलंगा, शनिवार संध्याकाळ

चर्चची विहीर आटली, म्हणून नव्यानंच झालेल्या लातूर जिल्ह्याची बोअरची गाडी सोमवारी येणार. जागा दाखवायला चर्चच्या मंडळीनं पाणाड्या बोलावला. मी पाळक, अडवायला हवं होतं. उलट त्यानं नारळ माझ्याच तळहातावर आडवा ठेवला, मला चालवलं, आणि चिंचेखाली नारळ ताडकन उभा राहिला; म्हणजे म्हणे खाली पाणी.

"पाळकसाहेबांच्या हातात शक्ती हाय!" लोक ओरडले. मी हसलो. का हसलो?

घरी बायको म्हणाली, "प्रार्थनेला चौघं येतात. नारळाला अख्खी गल्ली आली."

भुरळ लोकांना नंतर पडली, आधी मला. नारळ उभा राहिला तेव्हा देव आठवलाच नाही. कोण कोण बघतंय, तेवढंच बघितलं. उद्या उपासनेत हेच सांगणार. सोमवारी तिथं पाणी लागलं, तरी पुन्हा सांगणार.