लग्नाच्या अल्बमातली टिटवी

अण्णा, आज सकाळी भिगवणच्या पाण्यावर मी एकाच पाणकावळ्याचे इतके फोटो काढले, की तुम्ही असता तर माझे कान उपटले असते. पंख पसरून बेटा उन्हात बसला होता, वाळत घातलेल्या छत्रीसारखा, आणि मी आपली बटण दाबतेच आहे, दाबतेच आहे. आता रोल नाही, धुलाई नाही, नको ते पुसून टाकलं की झालं. तरी मधेच बोट थबकलं. वाटलं, आता मागून आवाज येणार, "आगं, फिलम काय झाडाला लागती व्हय?" आवाज काही आला नाही. मला एकटीलाच हसू फुटलं आणि मग तुमची इतकी आठवण आली, की घरी येऊन कॅमेराही पुसला नाही, आधी हे लिहायला बसले.

ती वर्षं आठवतात का, मी कॉलेजात होते आणि लग्नसराईत तुमच्यामागं फ्लॅश धरून फिरायचे? नवरीच्या खोलीत बायकांच्या गराड्यात तुम्हाला शिरता यायचं नाही, म्हणून तिथले फोटो माझ्याकडे. आई म्हणायची, पोरीच्या जातीला हे काय. तुम्ही म्हणायचात, "निम्मं लग्न तर त्याच खोलीत आसतं." छत्तीसच्या रोलात तुम्ही अडतीस फोटो बसवायचात, इतका तुमचा हात चिकट. आणि अर्धवट रोल पुण्याला धुवायला पाठवणं तुमच्या लेखी पाप होतं. पाठवणी उरकली, नवरी रडून झाली, तरी रोलाच्या शेपटाला दोन-तीन फोटो उरलेच, तर ते माझे. त्या शेपटांवर माझा सगळा पक्ष्यांचा संसार चालला.

इंदापूरकडचं लग्न असलं की परत येताना तुम्ही राजदूत भिगवणकडे वळवायचात. "मासळी घ्यायचीय," एवढंच बोलायचं. पाण्याशी गाडी थांबते, मी चपला हातात घेऊन चिखलातून पळते, तुम्ही दगडावर बसून तंबाखू मळता आणि लांबून ओरडता, "आटप, मासं नासत्याल." अजून घेतलेले नसतात, तरी नासणार. मी परत येऊन नावं सांगायला लागते, हा शेकाट्या, हा चमचा, तो पलीकडचा जांभळा बगळा. तुम्ही मान हलवता. तुमच्या हिशेबानं जगात पक्ष्यांच्या तीनच जाती होत्या: काळं पाखरू, पांढरं पाखरू आणि उडून गेलेलं पाखरू. माझ्या फोटोंत तिसऱ्या जातीचा भरणा जास्त, हे तुम्ही आपल्या फोटोच्या दुकानात आलेल्या कुणालाही सांगायचात. "टिटवीनं समुद्र आटवला म्हणत्यात, आमची टिटवी रोल आटवतीय." मी चिडायचे. पण वाट वाकडी करून भिगवणला जायचं तुम्ही कधी टाळलं नाही, आणि आपल्या बारामतीतही मासळी मिळते हे मी कधी काढलं नाही.

एकदा मात्र तुम्ही बजावलं होतंत. स्वयंपाकघरात आई चिलापी तळतेय, तव्याचा धूर डोळ्यांत जातोय, आणि मी कॉलेजच्या पुस्तकात वाचलेलं टिटवीचं पुराण लावलंय. उघड्या जमिनीवर ती कशी अंडी घालते, नर-मादी पाळीपाळीनं कशी बसतात, ऊन तापलं की पाण्यात पोट भिजवून येतात आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसतात. मला वाटलं तुम्ही ऐकताय. तुम्ही म्हणालात, "मीठ दे." मग काटा काढत, वर न बघता, "नाद हाय तवर ठीक हाय. पर ह्या पाखरांपायी एक जरी गिऱ्हाईक तुटलं, तर कॅमेऱ्याला हात लावायचा न्हाय." त्या रात्री मासा मला गोड लागला नाही. कारण तुम्ही बोललात ते करणार, हे मला ठाऊक होतं.

आणि त्याच उन्हाळ्यात कळस गावचं लग्न आलं. मांडवामागच्या पडीक रानात बांधालगत टिटवीची जोडी होती. एक अंड्यांवर बसलेली, दुसरी शेजारी पहाऱ्याला उभी. वऱ्हाडाच्या येण्याजाण्यानं सरावली असावीत, मला बरंच जवळ जाऊ दिलं. रोलाचं शेपूट दोन फोटोंचं होतं, त्यातला एक साधला. पुण्याहून फोटो आले की माझी पाखरं तुम्ही आधी बाजूला काढायचात आणि "घे तुझं गणगोत" म्हणून माझ्याकडे भिरकवायचात. त्या आठवड्यात लग्नांची गर्दी होती, डोळ्यांवर झोप होती. नवरा-नवरी एकमेकांना घास भरवतात त्या फोटोशेजारी तुम्ही स्वतःच्या हातानं टिटवीची जोडी चिकटवलीत आणि अल्बम देऊन मोकळे झालात.

दोन दिवसांनी नवऱ्याची आजी आणि चुलते दुकानात हजर. मी आत पडद्यामागे, तळं आणि हंस रंगवलेला आपला तो पडदा, हातात झाडू. चुलत्यांनी अल्बम काउंटरवर आपटला. आजी कडाडल्या, "लग्नाच्या अल्बमात टिटवी? आमच्या घरावर टिटवी वरडावी आसं वाटतंय व्हय तुमास्नी?" चुलते म्हणाले, "घरात आजून लग्नं हायत. कुणाला बोलवायचं त्ये आता आमी बघू." गेला माझा कॅमेरा, मी मनात म्हटलं. झाडू धरून तशीच उभी राहिले. तुम्ही आता फोटो ओरबाडून काढाल, माफी मागाल, आणि माझ्या नावानं हाक माराल.

तुम्ही चहा सांगितलात. मग म्हणालात, "आजी, चूक माझी हाय. चुकून चिकटला. पर फोटो चांगला हाय. माझ्या पोरीनं काढलाय." झाडू माझ्या हातातून पडायचाच राहिला. "आन् टिटवीचं म्हणाल, तर ही दोघं पाळीपाळीनं अंडी राखत्यात. घार आली तरी हटत न्हाईत. ऊन झालं की पाण्यात पोट भिजवून येत्यात आन् अंड्यांवर बसत्यात, पिल्लू भाजू नये म्हणून." चिमूटभरसुद्धा तपशील सांडला नव्हता. मीठ मागत मागत तुम्ही सगळं ऐकलं होतं!

आजींनी अल्बम जवळ ओढला आणि फोटोतल्या झाडावर बोट ठेवलं. "ही बाभळ आमचीच हाय," त्या पुटपुटल्या. मग मान वर करून विचारलं, "पोट भिजवून नर बी बसतो?"

"नर बी."

"आन् आमच्या घरातल्या नरानं माझ्या सहा लेकरांत एकदा पाळणा हालवला न्हाय." चुलत्यांनी खाली बघितलं. आजींनी अल्बम मिटून काखेत मारला. "ऱ्हाऊ द्या ती टिटवी. नातवाला रोज दावते."

ते गेल्यावर मी पडद्यामागून बाहेर आले. मला वाटलं तुम्ही काहीतरी बोलाल, मीही काहीतरी बोलेन. तुम्ही निगेटिव्ह उजेडाला धरून डोळे बारीक करत होतात. म्हणालात, "फोकस उभ्या टिटवीवर गेलाय. बसलेलीवर पायजे हुता." आजवर माझ्या पाखरांवर तुम्ही नुसते हसला होतात, त्यांना फोटो म्हणून नावं ठेवलीत ती त्या दिवशी पहिल्यांदा. शाबासकी म्हणतात ती हीच, हे मला तेव्हाच कळलं, आणि मी आत जाऊन पोटभर रडले, आनंदानं. कळसच्या त्या घरची पुढची लग्नंही आपणच केली.

आता मी रविवारी मुलांना पक्षी दाखवायला नेते. कुणी ना कुणी विचारतंच, "मॅडम, तुम्हाला पक्षी ओळखायला कुणी शिकवलं?" मी पटकन सांगते, "वडिलांनी." हे धडधडीत खोटं आहे, अण्णा. तुम्हाला साळुंकी आणि बुलबुल यांतला फरक शेवटपर्यंत कळला नाही. हे पत्र तुमच्या हाती पडणार असतं तर मी हे खोटं कबूलच केलं नसतं. तुम्ही लगेच म्हणाला असतात, "मग सांग की पोरास्नी खरं काय ते." आणि ते काही माझ्याच्यानं होणार नाही.