खुडूक कोंबडी आणि एक्याण्णवावं स्तोत्र

प्रिय सुशीला,

तू गेल्यापासून तुझ्याशी तोंडीच भांडत होतो. लिहायची वेळ आता आली, कारण पाळकसाहेबांनी तुझा संडे स्कूलचा वर्ग माझ्या गळ्यात घातलाय. मी म्हटलं, "साहेब, मी जन्मभर कारखान्यात लेथ चालवली. मुलांना काय शिकवणार?" ते म्हणाले, "सुशीलाबाई स्तोत्रांमधले पक्षी शिकवत होत्या. तिथूनच पुढे न्या." जसे काही ते पक्षी माझ्या ओळखीचेच!

गेल्या रविवारी वर्गात पाऊल टाकलं आणि पहिला प्रश्न काय आला? "आजोबा, कोंबडी आणली का?"

बघ, काय करून ठेवलंस ते.

तुला आठवतं ना, हे सगळं छोट्या रूथमुळे सुरू झालं. तू मुलांना एक्याण्णवावं स्तोत्र सांगत होतीस, की देव आपल्याला पिसांनी झाकतो, त्याच्या पंखांखाली आसरा मिळतो. रूथने हात वर केला. "टीचर, देवाला पिसं असतात?" सगळा वर्ग हसला. रात्री भाजीत मीठ दोनदा घातलंस आणि म्हणालीस, "अहो, चूक मुलांची नाही. त्यांनी पंखाखाली जाणं बघितलंच नाहीये."

मी म्हटलं, गरुडाचं चित्र दाखव.

"गरुड उल्हासनगरात कोणी बघितलाय? कोंबडी सगळ्यांना कळते."

मला वाटलं, चित्र कोंबडीचं आणशील. तू अंबरनाथजवळ मोरिवलीत हिराबाईंच्या अंगणात जाऊन पिल्लांसकट कोंबडी मागून आणलीस. हिराबाईंनी बजावलं होतं, "वहिनी, अंड्यांवर खुडूक बसली व्हती, आता पिलांवर हाय. हात घालाल तर डोला फोडील." तू टोपलीवर जुनी साडी बांधलीस आणि टोपली माझ्या मांडीवर ठेवलीस. माझ्याच का? हे मी तुला तेव्हाही विचारलं होतं. तू म्हणालीस, "माझी साडी इस्त्रीची आहे."

अंबरनाथहून उल्हासनगरच्या कॅम्प तीनपर्यंत शेअर रिक्षात मी ती टोपली धरून बसलो. शेजारच्या सिंधी बाईंनी विचारलं, "अंदर क्या है, साईं?" मी काही बोलायच्या आत आतून उत्तर आलं. बाई थेट ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन बसल्या. तो मागे वळून म्हणाला, "काका, मुर्गी का भी सीट पकडूंगा." तू त्याला चर्चला यायचं आमंत्रण दिलंस. अशा वेळी मी तुला ओळखत नाही असं दाखवायचो, पण मांडीवर कोंबडी असताना ते जमत नाही.

चर्चच्या आवारात तू टोपलीवरची साडी सोडलीस. पिल्लं चारी दिशांना पळाली. मुलं त्यांच्या मागे, आणि त्या सगळ्यांच्या मागे तू. आत पाळकसाहेबांची प्रार्थना चालू होती. नेमका तेव्हाच जीन्सच्या कारखान्याबाहेरचा तो तपकिरी कुत्रा फाटकातून आत आला.

कोंबडीने एक वेगळाच आवाज काढला. कुठली कुठली पिल्लं धावत आली आणि तिच्याखाली नाहीशी झाली. तिची पिसं अशी फुलली, की ती दुप्पट दिसायला लागली. कुत्रा वास घ्यायला पुढे आला. तिने जागेवरूनच मान लांब करून त्याच्या नाकावर चोच मारली. तो केकाटत चर्चमध्ये शिरला आणि खजिनदारांच्या बाकाखाली जाऊन बसला. पाळकसाहेबांनी त्या दिवशी आमेन फार लवकर म्हटलं.

आवारात मात्र एक मूल हललं नव्हतं. रूथ उकिडवी बसून बघत होती. म्हणाली, "टीचर, ती पण घाबरलीये. थरथरतेय."

तू तिच्या शेजारी बसलीस, इस्त्रीच्या साडीसकट. म्हणालीस, "हो. पण उठली का?"

नंतर पाळकसाहेब बाहेर आले. तू माफी मागायला लागलीस, तर ते म्हणाले, "बाई, पुढच्या महिन्यात सिंहांच्या गुहेतल्या दानिएलाचा धडा आहे. सिंहाचं काही ठरवलं नाहीत ना?"

मग काही वर्षांनी तुझं ऑपरेशन आलं. आदल्या संध्याकाळी वॉर्डात तू थंडीने कुडकुडत होतीस. थंडीनेच, असं तूच सांगितलंस. मी माझा स्वेटर तुझ्यावर टाकला आणि वरून हात पसरून वाकून राहिलो. सिस्टर आल्या. "आजोबा, सलाईनची नळी दाबताय तुम्ही." तू इतकी हसलीस, की पलीकडच्या खाटेवरच्या आजी उठून बसल्या. "अहो, तुम्हाला धड खुडूक पण बसता येत नाही," म्हणालीस.

ऑपरेशन नीट झालं. तू घरी आलीस, मला भरपूर रागावलीस, आणि दिवाळीआधी एका सकाळी चहा अर्धा ठेवून गेलीस. इतकी वर्षं मला कधी कपात घोट ठेवू दिला नाहीस, आणि स्वतः? हे काय वागणं झालं, सुशीला?

असो. काल मी हिराबाईंकडे कोंबडी मागायला गेलो. त्या म्हणाल्या, "भाऊ, आता येकबी पिलांवर नाय. आसती तरी तुमच्या हातात देनार नव्हते. वहिनीची गोष्ट येगली व्हती."

म्हणून आज मी माझा मोठा रेनकोट नेला. अंगात घातला, हात पसरले आणि मुलांना म्हटलं, "या." सगळीच्या सगळी आत घुसली. एकाने माझ्या पायावर पाय दिला, दुसरा कुणीतरी पोटाजवळ शिंकला. माझा गुडघा दगा देऊन गेला आणि आम्ही सगळे सतरंजीवर आडवे झालो. धडा कितपत कळला माहीत नाही. "परत, परत" मात्र सगळे म्हणाले.

रूथने मला उठवलं. आता ती माझ्या खांद्याला लागते. रेनकोट झटकत तिने विचारलं, "आजोबा, आणि तुमच्यावर कोण पंख धरतं?"

मी रेनकोटची बटणं सोडायला लागलो. तिने बाहेर उभ्या असलेल्या आईला हाक मारून सांगितलं, "मम्मी, आजोबा आज आपल्याकडे जेवायला येतायत." मला विचारलंही नाही. तुझीच विद्यार्थिनी. मी गेलो. रस्सा तुझ्यापेक्षा पातळ होता, पण दोनदा घेतला. रागावू नकोस.

एक शब्द देतो. रविवार चुकवणार नाही, आणि मुलं विचारतील त्याचं खरं तेच सांगेन, येत नसेल तर येत नाही म्हणेन. पुढचा धडा छपरावर एकट्या बसलेल्या चिमणीचा आहे. त्याची तयारी मला वेगळी करावी लागणार नाही.

तुझाच,
वसंत