आबांच्या कादंबरीचा शेवट

आबा, परवा माझं नवं पुस्तक छापून आलं आणि ते लोकांपर्यंत कसं न्यायचं यावर नातीने माझी शिकवणी घेतली. मोबाईलसमोर बसायचं, दोन पानं वाचायची आणि ऐन रंगात आलं की थांबायचं. मोठा शोध लावल्याच्या थाटात सांगत होती. मी म्हटलं, बाई गं, हे माझ्या वडिलांनी शेळगावात शेंगा फोडणाऱ्या बायकांसमोर करून दाखवलंय, तेव्हा तुझा बापही जन्मला नव्हता.

शाळा सुटली की तुम्ही हस्तलिखित काखोटीला मारून निघायचात. तुमचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून छापखान्यासाठी स्वच्छ प्रत करायचं काम माझं. मॅट्रिक होऊन लग्नाची वाट बघत घरात बसलेली मुलगी तुम्हाला आयतीच सापडली होती. प्रकाशकांनी हात झटकले होते आणि पुस्तक बारामतीत स्वतःच छापून घ्यायचं तुम्ही ठरवलं होतं. खळ्यावर बायका गोल करून बसलेल्या, तुम्ही पोत्यावर बसून वाचताय, आणि तुमचा एक डोळा कागदावर तर एक त्यांच्या हातांवर. हात थांबले तर मजकूर खरा. शेंगा फुटतच राहिल्या तर तिथे पेन्सिलीची रेघ, आणि घरी आल्यावर ते पान बाद. एवढा कडक संपादक मला पुढे कुठेच भेटला नाही. मग नेमक्या जागी कागद मिटून तुम्ही उठायचात. “पुढचं पुस्तकात. वाचता येत न्हाय तर वाचणाऱ्याकडनं ऐका, पण पुस्तक घ्या.”

गोष्ट नवऱ्याने टाकलेल्या बाईची होती. ती पहाटे सासरचं घर सोडते तिथे तुम्ही थांबलात. पुढचं शेवटचं प्रकरण तुम्ही कुणालाच दाखवलं नाहीत, मलाही नाही. त्याची प्रतही स्वतःच केलीत आणि ती घेऊन बारामतीला गेलात. तुम्ही तिकडे प्रुफं तपासत होता तेव्हा मी खळ्यावर शेंगा फोडायला बसले होते. बायका माझ्या मागेच लागल्या. “सांग की गं, गेली कुठं ती?” मी दाद दिली नाही. मग कडेला बसलेलीने विचारलं. तिला नवऱ्याने टाकून तीन वर्षं झाली होती. भावाच्या घरात भावजयीची बोलणी खात दिवस काढत होती. तिने एवढंच विचारलं, “जगली का गं ती?”

जगली, म्हणाले मी. माहेरी गेली, दोन शेरडं पाळली, भावाच्या रानात वांगी लावली आणि इंदापूरच्या बाजारात स्वतः विकायला बसली. बायकांनी सुस्कारा सोडला आणि पुन्हा शेंगांना हात घातला.

एस.टी.च्या टपावरून गठ्ठे आले. पणदऱ्यात, इंदापुरात प्रती गेल्या. शेळगावात मात्र जो तो म्हणे, “आमाला शेवट ठावा हाय, गुरुजी.” फक्त पाटलांच्या शिकलेल्या सुनेने एक घेतली आणि ओसरीवर शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी दोघी बायका शाळेच्या दारात हजर. “गुरुजी, छापखान्यानं तुमचा घात केला. बाईला हिरीत उडी मारायला लावली. ती तर बाजारात वांगी इकती!”

आज मला हसू आवरत नाही. तेव्हा तुम्ही वहाणांसकट घरात आलात. “तीन वरसं खपून त्या बाईला हिरीपतुर नेली मी, आन् तू तिला बाजारात बसवलीस? माझ्याच गावात माझं पुस्तक अडवलंस?” मी म्हणाले, “मला शेवट ठावाच नव्हता, आबा. तुमी दाखवला कुठं?”

तुम्ही वहाणा बाहेर काढून आलात, जेवलात, आणि हात धुताना म्हणालात, “व्हय, चूक माझीच हाय. आख्खं पुस्तक तुझ्याकडनं उतरवून घेतलं आन् शेवट तेवढा लपवला.” त्यानंतर तुमच्या प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं प्रकरण सगळ्यात आधी माझ्या हातात यायचं, सासरी गेल्यावरसुद्धा, टपालाने. आपल्याच गावाने पहिलं पुस्तक घेतलं नाही ही सल तुम्ही जन्मभर बाळगलीत, पण माझ्यावर कधी काढली नाहीत. त्यासाठी मी तुमच्यावर फार माया केली, आणि त्याचीच मला फार लाजही वाटत आली.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून लिहायचं धाडस होतंय. बारामतीला निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही आंघोळीला गेलात, तेव्हा तुमची पिशवी उघडून मी ते प्रकरण वाचलं होतं, आबा. खळ्यावर तिने विचारलं तेव्हा विहीर मला माहीत होती.